रंगनाथ, ते थोटूक तू पाहिलं नव्हतंस

रंगनाथ,

तुला बाजेवर घालून विहिरीबाहेर काढलं, तेव्हा वडवणीहून आलेला जमादार नवा होता. गावात त्याच्या ओळखीचं कुणी नव्हतं. ठाण्यातल्या जुन्या कागदांत वाचलेलं एक नाव तेवढं त्याला ठाऊक होतं. मोटारसायकलच्या सीटवर कागद पसरत तो म्हणाला, "दोन पंच लागतेत. तुमच्या गावात ते रंगनाथ म्हणून हायेत ना, कायम असतेत पंच म्हणून, त्यांला बोलवा."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी तुझा धाकटा भाऊ सुभाष चादरीकडे हात करून म्हणाला, "साहेब, त्योच हाय ह्यो."

मला हसू फुटलं. वहिनींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, तसा मी तोंडावर रुमाल धरला. लोकांना वाटलं मास्तर रडतोय. वाटू दे म्हटलं. लोकांना जे वाटेल ते वाटू द्यायचं, हे तू आयुष्यभर केलंस, एक दिवस मीही केलं.

आज पाचवा दिवस. स्टँडवर तुझा फ्लेक्स लागलाय. गॉगल घातलेला फोटो निवडलाय, कुणाच्या तरी लग्नातला. खाली 'समाजकार्यात सदैव अग्रेसर' असं छापलंय. सकाळी सुभाष येऊन गेला. म्हणाला, "गुर्जी, तेराव्याला चार चांगल्या वळी लिहून वाचा. तुमच्याइतकं दादाला कुणी वळखत न्हाई." हे मात्र त्याचं खरं आहे. पहिलीपासून एका फडक्यात भाकरी बांधून नेणारे आपण, मी याच गावात इंग्रजीचा मास्तर झालो आणि तू याच गावाचा कायमचा पंच. तुला मी ओळखतो, आणि म्हणूनच चांगल्या ओळी सुचत नाहीत. खोट्या सुचतात. पण खोटं लिहिणं हे तुझं काम होतं. नाही, चुकलो. लिहिणारा दुसराच असायचा, तू फक्त सही करायचास.

ती सही मी तुला बसवून दिली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दहावीला तू इंग्रजीत तीनदा आपटलास आणि नाद सोडलास. मी नोकरीला लागल्यावर एकदा शाळा सुटल्यानंतर आलास आणि म्हणालास, "मास्तर, मला इंग्रजीत सही बसवून दे. साहेब लोकांला बरं दिसतंय." आपण दोघांनी मिळून फळ्यावर अख्खा खडू संपवला. मोठा आर, त्याच्या पोटात एक गाठ, आणि शेवटी खाली लांब रेघ. मधली अक्षरं तुझ्या हाताला वळेनात, म्हणून तिथे नुसत्या लाटा काढल्या. घरी जाताना तू ती सही हवेत बोटाने काढत गेलास. इतका खूश मी तुला तुझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

मग त्या सहीला काम लागलं. पीक बुडालं, चोरी झाली, कुणी झाडावरून पडलं, की सरकारी माणूस यायचा. त्याला जागेवर येऊन सगळं आपल्या डोळ्यांनी पाहणारी दोन माणसं हवी असायची. कोर्टाच्या चकरा नकोत म्हणून बाकीचं गाव अंग चोरायचं. तू शर्टाला पेन लावून हजर. पण जागेवर जायचं कुणी? उन्हातान्हात बांध तुडवायला ना साहेबाला फुरसत, ना तुला. स्टँडवरच्या हाटेलात कागद लिहिला जायचा, भज्यांची प्लेट यायची, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, 'आम्ही पंचांनी समक्ष पाहिले.' खाली तुझा आर, लाटा, रेघ. एकदा तर तू अंथरुणाला खिळला होतास, तापाने फणफणला होतास, आणि त्याच दिवशी डोंगराच्या कडेला गारपिटीने झोपलेली ज्वारी तू समक्ष पाहिली होतीस. मी विचारलं तर हसत म्हणालास, "अरे, गारा तर पडल्याच हुत्या ना?"

आपलं त्या तक्त्याच्या दिवशी झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. मिटणारही नाही आता. सहावीच्या पोरांसाठी मी 'सी' या शब्दाचा तक्ता करत होतो. साधा शब्द, पण पोरांना छळायचा, कारण जागा बदलली की त्याचा अर्थ बदलतो. तू ओट्यावर बसून शेंगा फोडत होतास.

"सी म्हंजे बघणं. एवढं मलाबी येतंय."

"मग आय सी म्हणजे?"

"मी बघतो."

"नाही. समजलं, असा अर्थ."

"समजायला डोळे कशाला लागतेत बे?"

मी पुढे गेलो. सी अ डॉक्टर म्हणजे डॉक्टरला दाखवणं, असं सांगितल्यावर तू शेंगा खाली ठेवल्यास. "म्हंजे बघायचं त्यानं आन् नाव आपलं? बरंय की इंग्रजांचं." सी यू म्हणजे भेटू. सी ऑफ म्हणजे वाटेपर्यंत पोचवायला जाणं. सी टू म्हणजे काम मार्गी लावणं. लेट मी सी म्हणजे बघू, विचार करतो. तिथे तू मांडीवर थाप मारलीस. "ह्ये माझं. ह्ये मोठ्या अक्षरात लिही."

आणि मग तू सुरू झालास. आपल्यात काय कमी आहे का, म्हणून बोटांवर मोजायला लागलास. पोरगी बघणं. विहिरीला पाणी बघणं. बैलाचे दात बघणं. पाहुण्याची वाट बघणं. माय म्हातारी झाली की तिच्याकडं बघणं. आणि कुणी नडला की त्याला बघून घेणं. मी ऐकत राहिलो. दहावीला तीनदा नापास झालेल्या माणसाने माझा धडा पाच मिनिटांत शिकवून दिला. दुसऱ्या दिवशी मी तो तुझ्याच उदाहरणांनी शिकवला आणि पोरांना पहिल्यांदा समजला. तो तक्ता अजून वर्गात आहे. एका कडेला वाळवी लागलीय.

पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि न बघता समक्ष पाहिले म्हणणं, ते यातल्या कोणत्या अर्थात बसतं?"

तू चिडला नाहीस. तू चिडायचा नाहीस हाच तर वैताग होता. शांतपणे म्हणालास, "तू पोरांला पृथ्वी गोल हाय म्हणून शिकवतो. बघितली का तू? पुस्तकात हाय म्हणून सांगतो ना? तसंच माझं. जमादार लिहितो, मी त्याच्यावर इस्वास ठेवतो. ज्यानं त्यानं सगळं सोताच्या डोळ्यानंच बघायचं म्हणलं, तर गाव चालंल का मास्तर?"

मला उत्तर सुचलं नव्हतं. आता सुचलंय. पृथ्वी गोल आहे असं मी न पाहता सांगितलं, त्याने कुणाच्या बापावर आळ आला नाही.

तो आळ आला त्या दिवसाचं सांगतो. एकोणीस वर्षं झाली, पण मला तो सकाळपासून पाठ आहे. वडवणीचा बाजार होता. मी शाळेत जाऊन मस्टरवर सही केली, पोरांना शुद्धलेखन लावून दिलं आणि मागच्या फाटकाने बाहेर पडलो, कारण फाटकापाशी तू मोटारसायकल चालू ठेवून उभा होतास. तुला बैल घ्यायचा होता आणि मी बरोबर असलो की सौदा चांगला होतो, असं तुझ्या डोक्यात बसलं होतं. दुपारी चार वाजता आपण बैलबाजारात एका लालकंधारी बैलाच्या तोंडात वाकून बघत होतो. मालक म्हणत होता चार दात, तू म्हणत होतास सहा. शेवटी तू मला पुढे ढकललंस. "मास्तर, तू बघ आन् तूच सांग. तू खोटं बोलणार न्हाईस." बैल मान झटकत होता, मला काही धड दिसलं नाही. मी चार म्हणालो.

त्याच दुपारी, बाराच्या सुमाराला, इकडे आमच्या शेजारच्या शेतात जगन्नाथबप्पांची कडब्याची गंज पेटली होती. गंजीला लागूनच त्यांची बैलजोडी बांधलेली. वारं सुटलेलं. माणसं पोचेपर्यंत दोन्ही बैल दाव्यासकट जळून गेले.

आपण परतलो तेव्हा दिवस मावळत होता. स्टँडवरच्या हाटेलात तेव्हाचे जमादार बसले होते, पुढ्यात कागद लिहून तयार. "बरं झालं आलास रंगनाथ, कर सही, मला निघायचंय." तू कपबशी बाजूला सारलीस. खिशातलं पेन काढलंस. एक ओळही वाचली नाहीस. आर, गाठ, लाटा, रेघ. मी तुझ्या शेजारी बसलो होतो, माझ्या हातात अर्धं भजं होतं. पेनाला टोपण लावत तू मला म्हणालास, "सहाच हुते दात. तू नीट बघितलं न्हाईस."

दुसऱ्या दिवशी कळलं त्या कागदात काय होतं. जळालेल्या गंजीजवळ, आमच्या बांधाच्या अंगाला, विडीचं एक थोटूक आणि एक जळकी काडी मिळून आली. दुपारी चार वाजता पंचांनी ती समक्ष पाहिली. दुसऱ्या पंचाचं नाव मी आज घेत नाही, तो कधीच गेला आणि त्याचा अंगठा होता. सही तुझी होती. आणि त्या दुपारी बांधाच्या अलीकडे एकच माणूस होता आणि तो विडी ओढायचा. माझे अण्णा.

बप्पांनी प्रकरण वाढवलं नाही. पारावर चार माणसांत म्हणाले, म्हाताऱ्याच्या हातून झालं, जाऊ द्या. गावाने बप्पांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. अण्णा घरी येऊन ओसरीत बसले. पहिल्या दिवशी ते सांगत होते, "मी वढली ती लिंबाखाली. चपलीखाली चुरगाळली. मला चांगलं ध्यानात हाय." दुसऱ्या दिवशी आवाज जरा खाली आला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "थोटूक तिथंच हुतं म्हणतेत. रंगनाथनं डोळ्यानं बघितलंय. त्यो कशाला खोटं बोलंल? आपल्या घरात जेवून मोठा झालेला. माझ्याच ध्यानात न्हाई राह्यलं."

ऐकतोयस का? माझ्या बापाने स्वतःच्या आठवणीपेक्षा तुझ्या डोळ्यांवर जास्त भरवसा ठेवला. त्याच दिवशी विडी सोडली. पुढे आठ वर्षं जगले, पण पोळ्याला आपल्या बैलांना त्यांनी हात लावला नाही. शिंगं मी रंगवायचो, झूल मी घालायचो, पुरणपोळी मी चारायचो. अण्णा आत भिंतीकडे तोंड करून बसायचे. माय बोलवायला गेली की म्हणायचे, "ज्या हातानं दोन बैल गेले त्या हातानं कसं ववाळू?"

मी तेव्हा का बोललो नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. चार वाजता रंगनाथ बाजारात होता, हे सांगायचं तर त्याच्या शेजारी कोण होतं तेही सांगावं लागणार होतं. आणि मस्टरवर तर मी पाच वाजेपर्यंत शाळेत हजर होतो. फार काही झालं नसतं. एक नोटीस, एक दिवसाची रजा. आज लिहितानाही विश्वास बसत नाही की एवढ्यासाठी मी गप्प बसलो.

मी तुझ्या घरी भांडायला आलो होतो. दार लावून घेतलं होतंस, आठवतं? मी म्हणालो, जमादाराकडे जा, सही मागे घे. तू म्हणालास, "एक फिरवली की मागच्या समद्या फिरतेत. किती जणांचं काय काय त्या कागदांवर उभं हाय, तुला म्हाईत हाय का?" मी तुला हरामखोर म्हणालो. तू तेही शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "आन् तू मस्टरवर काय केलंस? ती बी सहीच हाय की बे." मी तुझ्या दाराला लाथ मारून बाहेर पडलो. दोन महिने आपण बोललो नाही. मग एक दिवस टोपलीभर सीताफळं घेऊन तू ओसरीत हजर, आणि अण्णांच्या शेजारी मांडी घालून जेवायला बसलास. मायने तुझ्या ताटात तुपाची जास्त धार सोडली. मी त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठलो, तू दोनदा भात घेतलास.

त्यानंतर दरवर्षी मी तुला तेच म्हणत आलो. कागद राहू दे. जमादार राहू दे. एकदा अण्णांना एकट्याला बाजूला घेऊन सांग की मी ते थोटूक पाहिलं नव्हतं. बस. आणि तू दरवर्षी म्हणायचास, "सांगतो ना मास्तर. बघतो." लेट मी सी. तो अर्थ तू खरंच मोठ्या अक्षरात लिहून घेतला होतास.

अण्णांच्या शेवटच्या दिवसांत तू रोज यायचास. पाय चेपायचास. एका सकाळी त्यांनी तुझा हात धरला आणि म्हणाले, "रंगनाथ, तुझ्या डोळ्यादेखतचं हुतं, पर तू कदी चारचौघांत काढलं न्हाईस बाबा. लई उपकार तुझे." मी दारात उभा होतो. आता सांगेल, आता सांगेल, म्हणून तुझ्या तोंडाकडे बघत राहिलो. तू मान खाली घातलीस. तुझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. लोक म्हणतात रंगनाथ मायाळू होता. मला त्या पाण्याची किळस आली, आजही येते. तिसऱ्या दिवशी अण्णा गेले आणि तिरडीचा पुढचा खांदा तू धरलास. मी तुला ढकलून द्यायला हवं होतं. ढकललं नाही, कारण मागचा खांदा माझा होता आणि मीही तेवढाच गप्प राहिलो होतो.

आता चांगल्या ओळी. एक आहे, ती मी लपवणार नाही. चार वर्षांपूर्वी मायला दिसेनासं झालं. मला परीक्षेचं काम, पोरगा पुण्याला. तू तिला एसटीने बीडला नेलंस, मोतीबिंदू काढून आणलास. दवाखान्याच्या बाहेर पायरीवर दिवसभर उपाशी बसलास म्हणे. मग महिनाभर, दिवसातून चार वेळा, तिच्या डोळ्यांत थेंब टाकायला येत होतास. माझा हात थरथरायचा, तुझा नाही. पट्टी काढली तेव्हा तिने पहिल्यांदा तुलाच पाहिलं आणि ओरडली, "अगं बया, रंगनाथ, केवढा पांढरा झालास रं तू!" तेव्हापासून ती तुला डोळ्याचा लेक म्हणायची. आज माझी माय तांदूळ निवडते, सुईत दोरा ओवते, ते तुझ्यामुळे. याबद्दल मी तुझा ऋणी आहे, मनापासून. आणि ऋणी आहे म्हणून जास्त चिडतो. नुसता वाईट असतास तर मी तुला कधीच सोडून दिलं असतं.

तर विहिरीच्या काठावरचं सांगत होतो. विहिरीतल्या पाण्याच्या मोटारीत कचरा अडकला म्हणून तू उतरलास आणि शेवाळावरून पाय घसरला, असं सगळे म्हणत होते. जमादाराने भराभर लिहून काढलं आणि कागद माझ्यापुढे धरला. "गुर्जी, तुमी शिकलेले हात, तुमी करा सही. तिकडं बघायची गरज न्हाई, मी लिहिलंय समदं." त्याने ते दयेने म्हटलं. मी पेन हातात घेतलंसुद्धा. मला तुझ्याकडे बघायचं नव्हतं. खाली एक रेघ ओढायची आणि घरी जायचं, इतकं सोपं होतं ते. तुला ते किती सोपं जात असेल हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मी म्हणालो, "चादर काढा."

सुभाष नको म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "बघू द्या गुर्जींला. कुणीतरी बघायला पायजे."

मी बघितलं, रंगनाथ. कपाळावर उजवीकडे दोन बोटं लांब जखम. डोळे अर्धे उघडे. डाव्या पायात चप्पल, उजव्या पायात नाही. कागदात शर्ट पांढरा लिहिला होता, तो पिवळा होता, मी खोडून दुरुस्त करायला लावलं. दोन्ही हातांच्या नखांत हिरवं शेवाळ भरलेलं होतं. तेही कागदात नव्हतं. म्हणजे तू भिंत धरायला बघत होतास, बराच वेळ बघत होतास. मी ते लिहायला लावलं. खिशात पेन होतं, टोपण लावलेलं. तेही लिहायला लावलं. जमादार वैतागला होता, पण माझं केस पिकलेलं डोकं बघून लिहीत राहिला. मग मी विहिरीत वाकून शेवाळावरची घसरलेली जागा पाहिली. मग कागद पहिल्यापासून वाचला. मग सही केली. सगळं मिळून अर्धा तास लागला. एवढाच वेळ लागतो बे. त्या दिवशी हाटेलातून उठून आमच्या बांधावर जायला तुला अर्धा तास लागला असता, आणि मी हाताला धरून तुला नेऊ शकलो असतो.

घरी आलो. माय तुझ्यासाठी रडत होती, जेवत नव्हती. तीन दिवस मी थांबलो. काल तिच्यापुढे बसलो आणि सगळं सांगितलं. बाजार, बैल, हाटेल, भजं, सगळं. संपल्यावर तिने पदराने डोळे पुसले. तू बरे करून आणलेले डोळे.

"म्हंजे त्येंनी विडी टाकली न्हाई?"

"कुणालाच माहीत नाही माय. कुणी पाहिलंच नाही."

"आन् रंगनाथ?"

"माझ्याबरोबर होता."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता तुला शिव्या घालेल. मी त्याची वाट बघत होतो, खोटं कशाला सांगू.

"आन् तू कुठं हुतास एकुणीस वर्सं?"

पोरांनी उत्तर दिलं नाही की मी त्यांना उभं करतो. मी उठून उभा राहिलो.

संध्याकाळी तिने शेजारणीकडून विडीचं बंडल आणि काडीपेटी मागवली आणि अण्णांच्या फोटोपुढे ठेवली. माझ्याशी ती अजून बोललेली नाही.

सुभाषला मी सांगितलंय की ओळी चार नाहीत, जास्त आहेत, आणि चांगल्याही नाहीत. तेराव्याला गाव जमेल, बप्पाही येतील, त्यांचं वय झालं तरी ते कुणाच्या तेराव्याला चुकत नाहीत. वहिनींना हे आधी वाचून दाखवणार आहे, त्या म्हणतील तेवढं वाचीन. पण शेवटचं एवढं वाचणारच, त्यांनी नको म्हटलं तरी. तुला पोचवायला आलो तेव्हा हे बोलायला हवं होतं, नाही जमलं. हे ज्याला शाळेत दाखवायचंय त्याने दाखवावं. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, जे व्हायचं ते होऊ दे.

एकोणीस वर्षांपूर्वी जगन्नाथबप्पांची गंज जळाली, त्या दिवशी दुपारी चार वाजता रंगनाथ आणि मी वडवणीच्या बैलबाजारात एका लालकंधारी बैलाचे दात बघत होतो. मी मस्टरवर हजर होतो आणि शाळेत नव्हतो. विडीचं थोटूक रंगनाथने पाहिलं नाही. त्याने कागद न वाचता सही केली आणि ती करताना मी त्याच्या शेजारी बसलो होतो. गंज कशाने पेटली हे कुणाला माहीत नाही. माझ्या वडिलांनी ती पेटवली असं कुणीही पाहिलेलं नाही.

हे मी समक्ष पाहिलं. सही मराठीत करतोय, पूर्ण नाव, कुणालाही वाचता येईल अशी.